साडूंचा उजवीकडचा पडदा

माझ्या आयुष्यात मला जेवढे म्हणून धक्के बसले, त्यांतले निम्मे विजेचे होते आणि निम्मे थोरल्या साडूंनी दिलेले; आणि विजेच्या धक्क्यांचीही नीट चौकशी केली, तर त्यांतले बहुतेक साडूंच्याच दुकानात बसलेले निघतील. मी मुळात घाबरट माणूस. दौंडला रेल्वेत कारकुनी केली. गाडी उशिरा आली की माझ्या छातीत धडधडायचं, आणि वेळेवर आली तर काहीतरी चुकलं असणार म्हणून जास्त धडधडायचं. अशा माणसाला मुलगी देताना सासरेबुवांनी तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा आधी दाखवायला हवा होता. तो त्यांनी लग्न लागल्यावर, पंगतीत दाखवला. मांडवात दिवे गेले होते आणि एक धोतर नेसलेला माणूस शिडीवर चढून लोंबत्या तारा दातांनी सोलत होता. ‘‘हे तुमचे साडू,’’ सासरे अभिमानाने म्हणाले. माझ्या हातातला जिलबीचा तुकडा तसाच राहिला.

साडू तेव्हा रांजणगावच्या एका कंपनीत वायरमन होते. ती नोकरी त्यांनी स्वतः सोडली असं ते म्हणत आणि कंपनी वेगळं म्हणत असे. झालं असं, की उन्हाळ्यात साहेबाच्या केबिनमधला पंखा जोरात फिरे आणि कामगारांच्या शेडमधले पंखे नुसते माना हलवत. साडूंनी एका रविवारी सगळ्यांची जोडणी एकाच रेग्युलेटरवर आणून ठेवली. सोमवारी साहेबाने आपला पंखा वाढवला तेव्हा शेडमधले कागद उडाले, आणि कामगारांनी कमी केला तेव्हा साहेबाला घाम फुटला. फॉल्ट कुठे आहे ते कळायला दुपार झाली. ‘‘फॉल्ट कसला? बॅलन्स केला मी,’’ साडू सांगत, ‘‘हवा काय साहेबाच्या बापाची हाय व्हय?’’

हा बॅलन्स म्हणजे साडूंचं वेड. जगात कुणाला कमी आणि कुणाला जास्त हे त्यांना बघवत नसे. चहाचे दोन कप भरायचे तर ते स्वयंपाकघराच्या ओट्यासमोर गुडघे टेकून, एक डोळा मिटून दोन्ही कपांची पातळी बघत. तोवर चहा निवून जाई. ‘‘कपात कमी पडलं की मनात जास्त व्हतं,’’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकदा माझ्या घरी आले असता माझ्या दोन मुलांत बॅट एकच आहे हे त्यांना दिसलं. मी बाजारातून परत येईपर्यंत त्यांनी ती करवतीने उभी चिरून दोघांना एकेक फळी दिली होती. मुलं रडत होती, पण सारखीच रडत होती, त्यामुळे साडू समाधानात होते.

कंपनी सुटल्यावर त्यांनी शिरूरच्या एसटी स्टँडामागच्या गल्लीत घराच्या पुढच्या खोलीत लग्नपत्रिकांचं दुकान काढलं आणि एक काँप्युटर आणला. काँप्युटर म्हणजे विद्या, म्हणून दुकानात चपला घालून यायची बंदी. आणि अर्थिंग म्हणजे नावापुरतं. साहजिकच अनवाणी गिऱ्हाईक पत्रिका बघायला टेबलाला टेकलं की त्याच्या हातापायाला मुंग्या येत. मला पहिल्यांदा आल्या तेव्हा मी किंचाळलो. साडूंनी शांतपणे हाताची पाठ काँप्युटरच्या डब्याला लावून बघितली आणि म्हणाले, ‘‘थोडंसंच हाय. जागं ऱ्हातंय माणूस.’’ शेवटी साळूबाईंनी, म्हणजे माझ्या मेहुणीने, स्वयंपाक बंद करायची धमकी दिली, तेव्हा त्यांनी परसात अर्थिंगचा खड्डा खणला आणि मीठ, कोळसा घालून पत्रा पुरला. त्या जागेला ओल हवी म्हणून ते रोज सकाळी आंघोळ करून तांब्याभर पाणी तिथे ओतत. शेजारच्या म्हातारीला वाटलं हे कुठलं तरी दैवत आहे. ती हळदकुंकू वाहू लागली. साडूंनी तिला अडवलं नाही, कारण येताना तीही तांब्याभर पाणी आणायची.

आता पत्रिकेच्या धंद्यात भांडण कुठून आलं, असं शहरातल्या माणसाला वाटेल. आमच्याकडे लग्न मोडायचं असेल तर हुंड्यापर्यंत जावं लागत नाही, पत्रिका पुरते. कुठल्या चुलत्याचं नाव कुणाच्या वर, आत्याच्या नवऱ्याला ‘व्यवस्थापक’ घालायचं की नुसतंच ‘आपले नम्र’मध्ये ढकलायचं, यावरून सख्ख्या भावांची बोलणी बंद झालेली मी पाहिली आहेत. त्यात मुलाकडची पत्रिका वेगळी, मुलीकडची वेगळी, आणि दोन्हींत एकमेकांची नावं. दोन्हीकडची मंडळी मजकूर बघायला एकदमच दुकानात येत आणि पडदा एक. ‘मॉनिटर’ हा शब्द साडूंना आवडत नसे, ते पडदाच म्हणत. एकदा इनामगावची आणि न्हावऱ्याची अशी दोन वऱ्हाडं समोरासमोर बसली. मुलाच्या मामाने पडद्याची मान आपल्याकडे वळवली, मुलीच्या मामाने आपल्याकडे. पुन्हा त्याने, पुन्हा ह्याने. शेवटी पडद्याची मान मोडली आणि तो मुलीच्या मामाच्या मांडीवर येऊन पडला. त्यांनी तो तान्ह्या पोरासारखा धरून ठेवला होता आणि मुलाकडचे ‘बघा, घेतलाच शेवटी’ म्हणून ओरडत होते.

त्यानंतर साडूंनी जाहीर केलं की एकाच काँप्युटरला दोन पडदे लावायचे. एक वरपक्षाला, एक वधूपक्षाला, दोन्ही एका मापाचे, एका उंचीवर. मी दौंडहून आलो होतो. मला वाटलं, उन्हाचा परिणाम असेल. एका काँप्युटरला दोन पडदे ही गोष्ट मी ऐकली नव्हती. पुण्याच्या दुकानदाराने ऐकली होती, पण त्यालाही शिरूरला ती कशाला लागते ते कळेना. पडदा चालवायला डब्यात एक डिस्प्ले कार्ड असतं. दुसरा पडदा हवा तर दुसरं वेगळं कार्ड घालावं लागतं, एवढं साडू शिकून आले. आल्याबरोबर त्यांनी दोन्ही कार्डं शेजारी शेजारी बसवून बटण दाबलं. डब्यातून एक लांबलचक भोंगा निघाला आणि दोन्ही पडदे काळे. मी तोवर पळून दारात पोहोचलो होतो. साडू मात्र डब्यात डोकं घालून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, ‘‘झुंजतायत ही. माझीच चूक झाली. नवा बैल आन् जुना बैल एकदमच दावणीला बांधला की हेच व्हतं.’’ मग त्यांनी नवं कार्ड काढलं. जुन्याला एकट्याला चालू करून ‘बसूद्या त्याला’ म्हणून स्वतः जेवून आले. मग डबा बंद करून नवं घातलं, पुन्हा चालू केलं, आणि त्याच्याबरोबर आलेली सीडीची चकती घालून त्याची ओळख करून दिली. संध्याकाळच्या सुमाराला उजवा पडदा उजळला.

साडूंनी माऊस धरला आणि डाव्या पडद्यावरचा बाण हळूहळू उजवीकडे सरकवला. बाण कडेला आला. मला वाटलं, थांबणार. तो कड ओलांडून, मधल्या मोकळ्या हवेतून, दुसऱ्या पडद्यावर गेला. मी पडद्यांच्या मधे हात घालून बघितला. साडूंच्या डोळ्यांत पाणी होतं. ‘‘बघितलंत पाव्हणं? बांध ओलांडला, आन् कुणी अडवलं न्हाई,’’ ते म्हणाले.

धंद्याच्या वेळी उजवी खुर्ची मुलीकडच्यांची. पण गिऱ्हाईक नसलं की तिथे साडूंची एकुलती एक लेक बसे. साडू डावीकडे टाइप करत आणि झालेला मजकूर उजव्या पडद्यावर ढकलत. ती तो वाचायची. चूक दिसली की ती बोलत नसे, नुसती जिभेने ‘च्’ करायची. साडूंचे हात जागच्या जागी थांबत. ‘च्’ कुठल्या ओळीवर झालं हे त्यांना न विचारता कळत असे. दोघं तासन्‌तास असे बसत, त्यांच्यात दुसरं बोलणंच नसे. मी एकदा विचारलं, ‘‘तिला हा धंदाच शिकवणार का?’’ साडू म्हणाले, ‘‘ती शिकलीय. मीच शिकतोय अजून.’’

या ‘च्’मुळे पोरीचं लग्न मात्र जमेना. एका मुलाने बघायच्या कार्यक्रमात स्वतःची माहिती छापून आणली होती. तो कागद हातात येताच तिच्या तोंडून सवयीने ‘च्’ निघालं, आणि पोहे संपायच्या आत मंडळी उठली. दुसरं स्थळ तर नुसती ही हकिकत ऐकूनच फिरलं. साळूबाई डोळ्यांना पदर लावायच्या. त्यामुळे भांडगावचं स्थळ आलं, मुलाला पोरगी पसंत पडली, सुपारी फुटली, तेव्हा आम्ही सगळ्यांनी निःश्वास टाकला. मुलगा शांत, घरचे शेवंती-झेंडूचे मळे. अडचण एकच, मुलाचे वडील. आबा मानाला कडक. एका लग्नात अक्षता वाटणारा यांच्याकडे उशिरा आला म्हणून ते उपाशी उठून गेले होते, असं चौफुल्यापर्यंत सगळ्यांना माहीत होतं. तेच आबा पत्रिकेचा मजकूर बघायला शिरूरला येणार होते.

मुलीचा मावसा म्हणून वधूपक्षाच्या खुर्चीवर मला बसवलं. नवरी मुलीने व्याह्यांसमोर बसायचं नाही, म्हणून ती आतल्या दारात, दाराच्या कापडी पडद्याआड उभी. डावीकडे आबा, पांढरीशुभ्र टोपी, हातात काठी. मधे साडू. दोन्ही पत्रिका दोन पडद्यांवर उघडल्या होत्या. आबांनी नाक वर करून थोडं वाचलं आणि ‘हूं’ केलं. सगळं सुरळीत चाललं होतं. पण नव्या व्याह्याला आपली करामत न दाखवतील तर ते साडू कसले? ‘‘आबा, गंमत बघा,’’ असं म्हणून त्यांनी एक बटण दाबलं. काँप्युटर कुठल्या पडद्याला काय नंबर देतो ते अशाने कळतं. दोन्ही पडद्यांवर खिडकीएवढे आकडे उमटले. माझ्यासमोर एक. आबांच्या नाकासमोर दोन.

एरवी डावीकडे एक यायचा. पण आदल्या दिवशी साडूंनी, पाहुणे येणार म्हणून, घराबरोबर काँप्युटरही आतून पुसून काढला होता, आणि कार्डं परत बसवताना त्यांच्या जागा बदलल्या होत्या. हे नंतर कळलं. त्या वेळी मला फक्त आबांचा चेहरा दिसत होता.

‘‘हे काय म्हणायचं?’’ आबा म्हणाले. ‘‘मुलाकडचे आम्ही. आन् आम्ही दोन नंबर?’’

‘‘न्हाई न्हाई, आबा, ते मशीन...’’ साडू चाचरले. ‘‘तुम्ही असं करा, पाव्हण्यांच्या जागंवर बसा. तिथं एक हाय.’’

‘‘बसल्या जागंवरनं उठवता व्हय मला?’’ आबांनी काठी आपटली. ‘‘वा! हेच ऱ्हायलं व्हतं.’’

पडद्यांच्या तारा आपसात बदलल्या असत्या तर काम झालं असतं, पण साडूंना ते सुचलं नाही. त्यांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि मला म्हणाले, ‘‘पाव्हणं, टेबल धरा.’’ माणसं उठत नाहीत तर टेबल फिरवायचं! मी नको म्हणायच्या आत एक कड त्यांनी उचललीसुद्धा. डबा, दोन पडदे, तारांचं जंजाळ, असं ते सगळं आम्ही धापा टाकत अर्धं गरकन फिरवलं. एक नंबरचा पडदा आबांच्या पुढ्यात आला खरा, पण पाठमोरा. आता आबांच्या समोर नुसत्या पाठीच्या जाळ्या आणि पुसायची राहिलेली कोळिष्टकं, आणि दोन्ही पडद्यांची तोंडं आतल्या दाराकडे. आबांनी काठीवर जोर दिला, म्हणजे उठणार. आणि नेमकं तेव्हा आतल्या दारातून आवाज आला.

‘च्.’

संपलं, असं मला वाटलं. तिसरं स्थळही गेलं. साळूबाई आतून ‘अगं गप’ म्हणाल्याचं ऐकू आलं. पण पोरगी दारातूनच बोलली, ‘‘आप्पा, उजव्या पत्रिकेत आबांच्या नावापुढचं ते आधी काढा.’’

‘‘काय काढू?’’

‘‘‘कै.’ लागलंय.’’

आठवड्यापूर्वीच्या एका पत्रिकेत मुलाचे वडील वारलेले होते. साडूंनी वेळ वाचवायला त्याच मजकुरात नावं बदलली होती, आणि ‘कैलासवासी’ तसंच राहिलं होतं. ते माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी आकडे बघत बसलो होतो. बसल्या जागेवरून न उठणारे आबा आता उठले. काठी टेकत टेबलाला वळसा घालून गेले, पडद्याजवळ वाकले आणि स्वतःचं नाव अक्षर अक्षर लावून वाचलं. मी भिंत धरली. साडूंनी हात जोडले. इतक्या वर्षांत मी त्यांना कुणापुढे हात जोडताना बघितलं नव्हतं.

‘‘आप्पा,’’ आबा सावकाश म्हणाले, ‘‘दोन नंबरला बशिवलं, मी सोसलं. पाठ दावली, सोसलं. आन् आता तर मारूनच टाकलंवतं की!’’ मग त्यांनी दाराकडे मान वळवली. ‘‘हे तू बघितलंस व्हय, पोरी? बरं केलंस. न्हाईतर सारं भांडगाव टोप्या काढून माज्या दारात बसलं असतं.’’ आणि ते हसायला लागले. आधी बारीक, मग टोपी हातात घेऊन, मग खोकला लागेपर्यंत. ‘‘ह्या घरात मला जित्तं ठिवणारं एकच माणूस हाय, आन् तेच आमच्याकडं यायलंय. मग मला कुठलाबी नंबर द्या.’’

लग्न झालं. पाठवणीच्या वेळी टेंपोत भांडी चढली, कपाट चढलं, आणि मग घरातून साडू बाहेर आले. पोटाशी धरलेलं काहीतरी जड, पोरीच्या जुन्या शालीत गुंडाळलेलं. तो उजवीकडचा पडदा होता. नुसता पडदा. मी चकितच झालो. आबांच्या घरी काँप्युटर नव्हता, व्हायचा संभव नव्हता. ‘‘आप्पा, अहो, नुसत्या पडद्याचं ती करणार काय?’’ मी कुजबुजलो. ‘‘ते मला काय ठावं,’’ साडू म्हणाले. ‘‘पण तो तिचा हाय.’’ तो त्यांनी टेंपोत स्वतः बसवला, चारी बाजूंनी उशा लावल्या, आणि पोरीकडे न बघता आत निघून गेले. पोरगी रडत होती ती त्या पडद्यावर हात ठेवून रडत होती. भांडगावात आजही तो कपाटावर भरतकामाचा रुमाल घालून ठेवलेला आहे. कुणी टीव्ही का लावत नाही असं विचारलं की आबा सांगतात, ‘‘टीव्ही न्हाई तो. एक नंबर हाय, सुनंचा.’’

कार्डं साडूंनी पुन्हा जुन्या जागी बसवली, डावा पडदा परत एक नंबरचा झाला. पण दुसरं कार्ड डब्यातून काढलं नाही. त्यामुळे काँप्युटरला अजून वाटतं, की उजवीकडे एक पडदा आहे. मध्यंतरी मी गेलो तेव्हा एक गिऱ्हाईक ताटकळत बसलं होतं आणि काँप्युटर अडून राहिला होता. साडू म्हणाले, त्याने काहीतरी विचारलं असणार, पण ते विचारायला तो तिकडे गेलाय, जुन्या सवयीने. कधी अख्खी पत्रिका तिकडे उघडते, कधी नुसता ‘हो की नाही’ असा प्रश्न. इकडे काही दिसत नाही आणि उत्तर मिळाल्याशिवाय तो पुढे सरकत नाही. साडूंनी थोडा वेळ जाऊ दिला, मग अंदाजाने एक बटण दाबलं. काम पुढे सरकलं. ‘‘व्हय म्हणली,’’ ते गिऱ्हाइकाला म्हणाले.

गिऱ्हाईक गेल्यावर मी म्हटलं, ‘‘आप्पा, ते दुसरं कार्ड काढून टाका ना. केवढा खोळंबा होतो. पाच मिनिटांचं काम.’’

साडू माऊस हातात धरून बसले होते. त्यांनी बाण उजवीकडे सरकवला. तो कडेला आला आणि दिसेनासा झाला. दुकानात बसलं की उजव्या हाताला दौंडचा, म्हणजे भांडगावकडे जाणारा रस्ता येतो, हे माझ्या आधी कधी लक्षात आलं नव्हतं. साडू मान थोडी कलती करून तसेच थांबले, जसे ते पूर्वी ‘च्’ ऐकायला थांबत.

‘‘कार्ड काढलं, पाव्हणं,’’ ते म्हणाले, ‘‘तर ह्याला कळंल की, तिकडं कुणी न्हाई.’’

मग त्यांनी बाण परत आणला आणि अर्थिंगला पाणी घालायचं राहिलं म्हणून तांब्या घेऊन परसात गेले. मी त्यांच्या खुर्चीवर बसलो. इकडे तिकडे बघून माऊसला हात लावला, आणि बाण हळूच उजवीकडे सोडला. तो गेला. तो परत आणायला मला बराच वेळ लागला.